एकट्याला उचलता येईल असं

१३ एप्रिल, रविवार

आज अर्णव माझ्याशी चक्क तासभर बोलला. खापरखेड्याच्या पॉवर हाउसमधून रिटायर झाल्यापासून या डायरीत मी बहुधा तापमान आणि बीपी लिहितो. आजची बातमी त्याहून मोठी आहे.

आमच्या रविवारच्या फोनची एक ठरलेली रीत आहे. न्यूझीलंडला संध्याकाळ झाली की इकडे भर दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल येतो. मी उचलतो. तो म्हणतो, "कसे आहात बाबा?" मी म्हणतो, "मजेत. तुझ्याकडे पाऊस?" तो म्हणतो, "आहे." मग मी म्हणतो, "आईला देतो." पुढचा सगळा वेळ उत्तराचा, म्हणजे त्याच्या आईचा. भाजी काय केली, केस कापले का, रीनाला रात्रपाळी आहे का. बापलेकाचं भांडण वगैरे काही नाही, विषयच नसतो.

आज मी "आईला देतो" म्हणायच्या आत तो म्हणाला, "बाबा, थांबा. पंपाचं एक विचारायचं आहे."

दिवाळीनंतर त्याची साइट बदलली. तो आता पश्चिम किनाऱ्याला ग्रेमाउथ नावाच्या गावी राहतो. त्याची बायको रीना तिच्या हॉस्पिटलच्या नोकरीमुळे क्राइस्टचर्चलाच आहे. मध्ये चारेक तासांचा घाट. आजकालच्या नोकऱ्या अशाच. तर त्या गावात ग्रॅहम नावाचा एक म्हातारा आहे, त्याच्याकडे एका ओढ्यात सोनं शोधायचा रीतसर परवाना आहे, आणि आमचे चिरंजीव सुटीच्या दिवशी त्याच्याबरोबर नदीतली वाळू धुतात! नुसत्या थाळीनं कंबर मोडते म्हणून आता त्याला हायबँकर घ्यायचा आहे. म्हणजे काठावर चार पायांवर उभी राहणारी तिरपी पन्हाळ. पंप नदीचं पाणी वर खेचतो, वरच्या जाळीवर फावड्यानं रेती टाकायची, गोटे बाजूला पडतात, बारीक माल पाण्याबरोबर पन्हाळीतून वाहतो, आणि सोनं जड म्हणून तळाच्या आडव्या पट्ट्यांमागे बसतं. बाजारात पन्नास तऱ्हा आहेत. कोणता घ्यावा?

माझी अख्खी नोकरी राखेच्या विभागात गेली. भट्टीतली राख पाण्यात कालवून पाइपानं तलावापर्यंत ढकलायची. पाणी, उतार, वाळू, पंप यावर मला झोपेतून उठवून विचारा. मी बोलतच राहिलो.

उत्तरा कणकेचे हात तसेच घेऊन दारात उभी होती. फोन तिच्याकडे गेला तेव्हा त्याच्या जेवणाची वेळ झाली होती. "पुढच्या रविवारी बोल," मी तिला म्हटलं. आठ दिवसांनी काय बिघडतं?

१७ एप्रिल

तीन दिवस व्हिडिओ बघतो आहे. अमेरिकेतले दाढीवाले लोक, सगळे एकजात ओरडून बोलतात.

निवड दोनांत आली. एक छोटा: पातळ अॅल्युमिनियमचा, घडी होणारा, बॅटरीवर चालणारा चिमुकला पंप. दुसरा मोठा: रुंद पन्हाळ, पेट्रोलचा पंप, दणकट पाय. उभा करायला आणि हलवायला दोन माणसं लागतात, एकानं रेती टाकायची, दुसऱ्यानं पाणी आणि जाळी सांभाळायची. माझं मत अर्थातच मोठ्याला. छोटा म्हणजे खेळणं.

२० एप्रिल, रविवार

आज खडाजंगी. अर्णवच्या अटी ऐका. छोट्या गाडीच्या डिकीत मावला पाहिजे. एकट्याला उचलता आला पाहिजे, ग्रॅहमला आता वजन उचलवत नाही. आवाज नको, कारण तो कोणा बाईंच्या घरी वरच्या खोलीत राहतो आणि पंप तिथेच न्हाणीघरात चालवून धुवावा लागेल.

"अरे, तुझी मोठी गाडी कुठे गेली?"

"ती रीनाकडे असते बाबा. तिला लागते."

"मग ती आली की न्या मोठा दोघं मिळून."

"बाबा, वजनाचं बोला ना. अठरा किलोच्या वर मला नको."

उत्तरा मागून म्हणाली, "रीना कशी आहे रे? मागच्या वेळी पण दिसली नाही."

"ड्यूटीवर आहे आई."

"आणि तू जेवून काय राहिला? तोंड बघ केवढंसं झालं."

मी उताराचा मुद्दा मांडत होतो आणि ही मध्येच तोंड केवढं झालं म्हणते. मी हातानंच तिला थांब म्हटलं. ती आत गेली. नंतर फोन द्यायला गेलो तर म्हणाली, "राहू द्या, तुमचं चालू द्या." तिला बरं नसावं. ऊन फार आहे.

२४ एप्रिल

नुसतं व्हिडिओ बघून सल्ला देणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. म्हणून मागच्या अंगणात आज नमुना उभा केला. जुन्या कूलरची टाकी, छपराची उरलेली पन्हाळ, तिच्या तळाशी दारातलं रबरी पायपुसणं, वर उत्तराची गव्हाची चाळण. शेजारच्या बांधकामावरून टोपलंभर रेती आणली आणि सोन्याऐवजी लेथवाल्याकडून पितळेचा कीस. पंप बेडरूमच्या कूलरचा काढला.

उत्तरानं कमरेवर हात ठेवून पाहिलं. "घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं," म्हणाली, आणि चाळण परत मागितली नाही.

भिंतीपलीकडून मारोतरावांनी मान वर काढली. हे आमचे शेजारी, काटोलच्या संत्र्यांचे व्यापारी. धंदा आता त्यांचा दुर्गेश बघतो, त्यामुळे यांना दिवसभर दुसऱ्यांच्या अंगणात बघायला वेळ असतो.

"काय करून राहिले भाऊ? कूलर फाडला का?"

मी समजावलं.

"सोनं निघते ह्याच्यातून? मंग मले बी एक बनवून द्या. कन्हान नदीवर लावू. संत्र्यात काही राह्यलं नाही."

"पकडतील."

"अर्णव कधी येऊन राहिला?"

"सुटी नाही त्याला."

"मंग तुमीच काहून नाही जात? पासपोर्ट त काढले होते तुमी."

"बोलावलं की जाऊ."

मारोतराव हसायला लागले. "पोराच्या घरी जायले पत्रिका लागते का गा?"

यांचा मुलगा वरच्या मजल्यावर राहतो आणि पाण्याच्या टाकीवरून रोज बापाशी भांडतो. यांना काय कळणार? घर एकट्या मुलाचं नसतं, सुनेचंही असतं. आपण होऊन जाऊन पडायचं नाही, ही आमची रीत आहे आणि उत्तरालाही ती मान्य आहे. रीनानं एकदा "या ना" म्हटलं तरी पुरे. लग्नाला चार वर्षं झाली, अजून म्हटलेलं नाही. म्हणेल. मला त्या नदीचं पाणी एकदा हातात घ्यायचं आहे. फोनवर ते हिरवं दिसतं, तो म्हणतो खरंच हिरवं आहे.

२७ एप्रिल, रविवार

अर्णव पुढच्या शनिवारी ग्रॅहमचा हायबँकर उसना घेणार आहे. मी त्याला आकडे दिले. उतार खडा ठेव, पाणी पूर्ण सोड, कुठेही काही बसू देऊ नकोस. त्यानं सगळं लिहून घेतलं. "लिहिलं बाबा," म्हणाला. बारावीनंतर पहिल्यांदाच.

४ मे, रविवार

फजिती. सपशेल फजिती.

दिवसभर दोघांनी ढीगभर रेती टाकली. संध्याकाळी पट्ट्या झाडल्या तर एक कण नाही. माझ्या उतारानं आणि माझ्या पाण्यानं होतं नव्हतं ते सगळं परत नदीत गेलं. त्या किनाऱ्यावरचं सोनं आधीच पापुद्र्यासारखं बारीक. ग्रॅहम म्हणाला म्हणे, तुझे वडील नदी धुवायला निघाले आहेत का?

चूक कुठे झाली ते मला लगेच कळलं. राखेच्या पाइपात काही बसलं की लाइन चोक. अख्खी नोकरी मी काहीही बसू नये म्हणून पाणी सोडत आलो. आणि इथे सगळी कला बसू देण्यात आहे! हात सवयीनं चालला, डोकं पेन्शनीत.

मला शरमेनं मेल्यासारखं झालं होतं, पण अर्णव हसत होता. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. मीही हसलो. त्याचं हसणं किती दिवसांनी ऐकलं ते आठवत नाही. हसताना तो अजून नाक चोळतो.

असा मुलगा इतक्या लांब असू नये. झालं, लिहून टाकलं.

६ मे

उतार कमी केला, पाणी निम्म्यावर आणलं. पितळेचा कीस पायपुसण्याच्या खाचांत असा जाऊन बसला की बघत राहावं. म्हणजे हळू पाणी हवं, आणि हळू पाण्याला छोटा पंपच पुरतो. मोठ्या यंत्राच्या बाजूनं माझ्याकडे आता एकही सबळ कारण उरलेलं नाही. तरी मोठंच घ्यावं असं वाटतं. का ते सांगता येत नाही. शिवाय निवड झाली की रविवारी बोलायचं काय? अजून जाळीचा प्रश्न आहे, पायांच्या स्क्रूचा आहे. घाई कशाला.

बाहेर पंचेचाळीस. बेडरूमचा कूलर पंपाशिवाय नुसती गरम हवा फेकतो. दुपारी उत्तरा पदरानं वारा घेत पडली होती. मी मुकाट्यानं पंप आणून बसवला. ती उठून बसली.

"अहो, एक विचारू? त्याला सगळं एकट्यापुरतं काहून पाहिजे?"

"म्हणजे?"

"एकट्याला उचलता यावं, एकट्याला लावता यावं, छोट्या डिकीत मावावं. तुम्ही इतके दिवस बोलून राहिले, मी मागून ऐकून राहिली. त्या बोलण्यात रीना कुठेच नाही. वरची खोली आहे म्हणतो. बायको यायची असली की माणूस खोली घेते का?"

"तिची ड्यूटी असते."

"दर रविवारी?"

मी तिला सांगितलं, उगाच नाही नाही ते मनात आणू नकोस. यंत्र निवडताना वजन बघतातच, त्यात बायको कुठून आली? बायकांना पराचा कावळा करायची हौस. ती कूलरकडे तोंड करून बसली.

११ मे, रविवार

उत्तराच्या डोक्यातून ते जावं म्हणून आज सरळ म्हटलं, "अर्णव, माझं ऐक, मोठाच घे. रीना आली की दोघं मिळून उचलाल. तिलाही जरा मोकळी हवा."

तिकडचं नेट खराब असावं. चित्र थांबलं. मग म्हणाला, "बाबा, छोट्याचंच बघू या. जाळीचं काय म्हणत होते तुम्ही?"

मी जाळीचं सांगितलं. त्यानं "हो, हो" म्हटलं, लिहून मात्र घेतलं नाही. थकला असेल. दाढी वाढली होती.

उत्तरा पूर्ण वेळ शेजारच्या खुर्चीत बसून होती. तिनं काहीच विचारलं नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "जप रे बाळा." त्यावर तो पटकन "ठेवतो आई" म्हणाला आणि ठेवला.

१४ मे

आज रीनाचा वाढदिवस. उत्तरानं मला न विचारता तिला फोन लावला.

मी अंगणात पन्हाळीची पातळी बघत होतो. उत्तरा दारात आली आणि पायरीवर बसली. अशा उन्हात ती कधी बाहेर बसत नाही.

"रीना रडून राहिली होती," ती म्हणाली. "म्हणे, आई, अर्णवनं तुम्हाला सांगितलं नाही अजून? ती दोघं वेगळी झाली. दिवाळीच्या आधीच. साइट काही कंपनीनं बदलली नाही, त्यानंच मागून घेतली तिकडची."

माझ्या हातात पितळेच्या किसाचा डबा होता. तो मी नीट झाकण लावून खाली ठेवला. का कोण जाणे, झाकण घट्ट लागलं आहे ना हे दोनदा पाहिलं.

मग संतापलो. कोणावर ते मलाही कळेना. "माझ्याशी महिनाभर बोलतो आहे तो! पंपाचे लिटर सांगतो, रबराची जाडी सांगतो, आणि हे सांगता येत नाही? मी कोण आहे त्याचा?"

"तुमच्याशीच तर बोलत होता."

"बोलत होता! पन्हाळीबद्दल!"

"अहो, माझ्याशी बोलला असता तर मी विचारलं असतं. मी विचारते हे त्याला माहीत आहे. म्हणून मला टाळून राहिला. तुम्ही विचारत नाही. जन्मात कधी विचारलं नाही. म्हणून तुमच्याजवळ आला बसायला."

महिनाभर मला वाटत होतं, मुलाला अखेर बापाची किंमत कळली. उत्तरा पुढे म्हणाली, आणि हे तिनं अगदी हळू म्हटलं, "माझा तर रविवार पण गेला. मी काही बोलली का?"

नव्हती बोलली. कणकेचे हात घेऊन उभी राहिली होती, आणि मी पुढच्या रविवारी बोल म्हणत होतो. मी पायरीवर तिच्या शेजारी बसलो. पायरी तापलेली होती, दोघंही उठलो नाही. मारोतरावांनी भिंतीवरून मान काढली, आमच्याकडे पाहिलं आणि प्रथमच काही न विचारता परत खाली घेतली.

१५ मे

मोठंच घ्यावं असं मला का वाटत होतं ते आज कळलं. दोन माणसांचं यंत्र घेतलं की दुसरं माणूस आपोआप येईल, असा काहीतरी माझा इंजिनिअरी हिशेब होता.

उत्तरा म्हणते, तो सांगेपर्यंत आपण विचारायचं नाही. विचारलं तर तो फोनच करणार नाही. हे तीच म्हणते. मी म्हटलं, मग काय, पंपाबद्दलच बोलत राहू? म्हणाली, "बोला. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, बाप तसाच लेक."

रात्री जेवताना तो एकटा काय करत असेल, एवढंच दिवसभर मनात येतं. खोलीत टीव्ही आहे का हेसुद्धा मला ठाऊक नाही. पन्हाळीची रुंदी मात्र तोंडपाठ आहे.

१८ मे, रविवार

त्याचा फोन आला. मी ठरवून ठेवलं होतं तसंच बोललो.

"मी सगळा विचार केला. छोटाच घे. हलका आहे, तुला एकट्याला झेपेल. बॅटरीचा पंप पुरे."

"नक्की बाबा? तुम्ही तर मोठ्यासाठी भांडत होते."

"माझं चुकलं. पाणी हळू पाहिजे."

"ठीक आहे. मग तोच मागवतो."

"मागव."

झालं. पुढे दोघांना काही सुचेना. जाळीचं झालं होतं, स्क्रूचं झालं होतं. मी म्हटलं, "आईला देतो." उत्तरानं हवापाणी विचारलं, त्यानं हवापाणी सांगितलं. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "एकट्याला झेपेल, असं तुमच्याच तोंडून ऐकलं त्यानं आज."

मी त्याला मदत करायला गेलो होतो.

२५ मे, रविवार

नवतपा लागला, उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस. फोन आला नाही.

दुपारभर मोबाइल उशाशी ठेवून पडलो होतो. उत्तरानं तीनदा तो उचलून आवाज चालू आहे ना ते पाहिलं. मग संदेश आला: "आज साइटवर काम आहे, पुढच्या रविवारी." खाली हसरा चेहरा. आमच्या खापरखेड्याला रविवारच्या कामाला कोणी असा चेहरा काढत नसे.

निवड संपली तसा विषय संपला. मीच संपवला.

२८ मे

अंगणातला नमुना मोडायला घेतला. पायपुसणं झटकलं तर खाचांतून अजून कीस निघत होता. अर्धवट तसाच ठेवून आत आलो. मोडवत नाही.

अर्णवला मी शेवटचं कधी जवळ घेतलं ते आठवायचा प्रयत्न केला. विमानतळावर नमस्काराला वाकला तेव्हा पाठीवर हात ठेवला होता. एवढंच. मला त्याला भेटायचं आहे. त्यानं बोलवावं याची वाट बघत मी चार वर्षं बसलो, आणि तो कोणाला कसा बोलावणार? बोलवायला घर कुठे आहे त्याच्याकडे? एक खोली आहे, खाली घरमालकीण आहे, आणि आम्ही आलो की पहिला प्रश्न "रीना कुठे आहे" हा येणार हे त्याला माहीत आहे. तो बोलावणार नाहीच. पुढच्या दहा वर्षांतही नाही.

आणि मी इथे रीत सांभाळत बसलो आहे.

१ जून, रविवार

आज मी फोन केला. आमच्याकडून कधीच जात नाही, नेहमी त्याचाच येतो. त्याच्या वेळेच्या आधीच लावला, म्हणजे त्याला संदेश पाठवायला सवड मिळू नये. उत्तराला शेजारी बसवलं.

त्यानं घाबरून उचलला. "काय झालं बाबा? आईला बरं आहे ना?"

"आई इथे आहे. ठणठणीत आहे. तो छोटा हायबँकर मागवला का?"

"नाही अजून. मागवतो."

"मागवू नको. मोठा मागव."

"बाबा, आता परत नका सुरू करू." त्याचा आवाज थकलेला होता. "तो एकट्याला हलत नाही. मी सांगितलं ना तुम्हाला."

"एकट्याला कोण म्हणतं? दुसरा माणूस मी."

चित्र परत थांबल्यासारखं दिसलं. या वेळी नेट ठीक होतं, कारण त्याच्या मागे खिडकीचा पडदा हलताना मला दिसत होता. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर परत पन्हाळीवर गेलो असतो.

"आम्ही दोघं येतो. तू बोलावलं नाहीस, ते मला माहीत आहे. तरी येतो. खोली लहान असली तर मी खाली गादीवर झोपतो, नाहीतर त्या बाईंना विचार जवळपास कुठे जागा मिळते का. आईला काही दिवस तुझ्या हातचं खाऊ घाल, मग ती तिच्या हातचं घालेल. मी रेती टाकतो, तू पाणी सांभाळ. मला पाण्याला हात लावू देऊ नको, माझा इतिहास तुला माहीत आहे."

यावर तो हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. त्यानं फोन खाली ठेवला असावा, कारण आम्हाला नुसतं छत दिसत होतं. पांढरं छत आणि एक दिवा. छताकडे बघत आम्ही दोघं बसून राहिलो. उत्तरानं माझं मनगट धरलं होतं.

मग छताकडूनच आवाज आला. "बाबा, रीना माझ्याबरोबर नाही राहत."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग विचारलं काहून नाही?"

उत्तरानं फोन माझ्या हातून घेतला आणि म्हणाली, "तू सांगशील म्हणून वाट बघून राहिलो होतो रे. आता आल्यावर सांग सगळं. नाही सांगितलं तरी चालते."

फोन वर आला. त्याचं नाक लाल झालं होतं. बाहीनं तोंड पुसत म्हणाला, "इथे थंडी सुरू झाली आई. ओढ्याचं पाणी तर बर्फ असते. बाबांना नाही सोसायची."

"त्यांना पंचेचाळीस सोसते, तुझी थंडी काय घेऊन बसला."

"तरी. गरम कपडे भरपूर आणा. इकडचे महाग असतात. आणि बाबा..."

"बोल."

"रबराचे बूट माझे तुम्हाला होतील. तुमचा आणि माझा नंबर एकच आहे."

मी म्हटलं, "बरं." त्याच्या पायाचा नंबर मला ठाऊक नव्हता. माझा त्याला ठाऊक होता.

पुढे त्यांचं बराच वेळ चाललं. मी उठून आतल्या खोलीत गेलो आणि दिवाण उघडला. बाहेर रस्ता वितळतो आहे आणि मी गालिच्यासारखी जाड स्वेटरं एकेक काढून पलंगावर ठेवतो आहे, डांबराच्या गोळ्यांचा वास, घामानं बनियन पाठीला चिकटलेलं. मारोतराव खिडकीतून म्हणाले, "भाऊ, तब्येत बरी आहे ना?"

मी म्हटलं, "पोराकडे चाललो."

"बोलावलं का त्यानं?"

"नाही," मी म्हटलं, आणि कानटोपी शोधायला लागलो.